संत्र्याचं मार्मालेड सेटच होत नाही, आणि झालं तर दुसऱ्या दिवशी कडू: नागपुरी संत्र्यासाठी काय बदलायचं

दिवाळी आटोपली आणि गोकुळपेठेत हातगाड्यांवर आंबिया बहाराच्या, म्हणजे ऑक्टोबर-डिसेंबरच्या हंगामातल्या, संत्र्यांचे ढीग दिसायला लागले की मला हा फोन येतोच, कधी वहिनीचा, कधी सोसायटीतल्या कुणाचा, कधी बहिणीच्या मैत्रिणीचा. "ताई, मार्मालेड केलं, सगळं मोजूनमापून केलं, पण पातळच राहिलं हो, सरबतासारखं वाहतंय." नाहीतर दुसरा प्रकार, "रात्री चाखलं तेव्हा इतकं मस्त होतं आणि सकाळी पाहतो तर कडूजहर, काहून झालं असं?" मार्मालेड म्हणजे सालीचे काप घातलेला संत्र्याचा जॅम, आणि त्याच्या या दोन्ही तक्रारी मी स्वतः भोगलेल्या आहेत, लागोपाठ तीन वर्षं, त्यामुळे यावेळी सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

पहिल्या वर्षी काटोलहून घरी पेटी आली होती, त्यातली दोन किलो संत्री घेतली. व्हिडिओत सांगितलं तसं अख्खं फळ चिरून रसासकट रात्रभर भिजवलं, सकाळी साखर घालून गॅसवर ठेवलं. तासभर उकळलं तरी पातळ. मग अजून अर्धा तास, मग अजून. थंड झाल्यावर बाटलीत चमचा उभा राहिला, काढायला गेले तर चिक्कीसारखी तार ओढली गेली आणि रंग गुळासारखा काळपट. म्हणजे जे आधी पातळ होतं ते मधल्या कुठल्याच टप्प्यावर न थांबता थेट टॉफी झालं. दुसऱ्या वर्षी लवकर थांबवलं, थोडंफार सेटही झालं, पण दुसऱ्या दिवशी इतकं कडू की घरात कुणी पोळीला लावेना. तिसऱ्या वर्षी चव जमली, घट्टपणाही बरा होता, तर जुलैत पावसाची झड लागली तेव्हा कपाटातल्या चारपैकी तीन बाटल्यांवर पांढरी-हिरवी बुरशी. त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं, कारण एका बाटलीमागे किती वेळ जातो ते करणाऱ्यालाच ठाऊक.

आता मूळ मुद्दा. आपल्या घरच्या बायकांचा हात मुरांब्याचा आहे. मुरांब्यात, साखरांब्यात आपण काय पाहतो, तर पाकाची तार. एकतारी झाला, दोनतारी झाला, की गॅस बंद. सासूबाई अजूनही झाऱ्यावरचा थेंब अंगठा आणि बोटात धरून तार पाहतात आणि आंब्याच्या बाबतीत त्यांचा अंदाज कधी चुकत नाही. पण मार्मालेडचं सेट होणं म्हणजे पाक घट्ट होणं नाही. ते जेलीचं जाळं असतं, पेक्टिनचं, म्हणजे फळातल्या जेली बांधणाऱ्या घटकाचं, आणि ते जाळं बसायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात, पुरेसं पेक्टिन, पुरेसा आंबटपणा आणि पुरेशी साखर. यातली एक जरी कमी असली तरी जाळं बसत नाही, आणि आपण काय करतो, तर पातळ दिसलं की अजून आटवतो. आटवल्यानं फक्त साखरेचं प्रमाण वाढतं. उलट साखर घातल्यावर तास-तास उकळलं की होतं नव्हतं ते पेक्टिनही तुटून जातं. म्हणून तो पाक तरी राहतो नाहीतर टॉफी तरी होतो, जेली काही होत नाही. माझं पहिल्या वर्षी हेच झालं होतं.

आणि हे आपल्याकडेच वारंवार का होतं, तर बहुतेक रेसिपी ज्या फळासाठी लिहिल्या आहेत ते आपलं फळच नाही. इंग्रजी पद्धतीचं मार्मालेड सेव्हिल नावाच्या स्पॅनिश संत्र्याचं असतं. ते जाड सालीचं, भरपूर बियांचं, चांगलंच आंबट आणि कडसर असतं, नुसतं सोलून कुणी खात नाही. त्याच्या सालीत, बियांत पेक्टिन ठासून भरलेलं आणि आंबटपणा तर आहेच, त्यामुळे पाणी आणि साखर एवढ्यावर ते छान बसतं. आपलं नागपुरी संत्रं म्हणजे त्याच्या बरोब्बर उलट. सैल साल, नख लावलं की सुटते, आत पांढरा भाग अगदी पातळ, फोडी रसाळ, गोड-आंबट. २०१४ मधे या संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे तो ज्या गुणांमुळे, सहज सोलता येणं, पातळ साल, गोडवा, तेच सगळे गुण मार्मालेडच्या मात्र विरोधात जातात. रेसिपी खोटी नसते, हातही चुकलेला नसतो, फळाला जे कमी आहे ते बाहेरून द्यावं लागतं एवढंच.

त्यात बहाराचा फरक. ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो तो आंबिया, हा जरा आंबटसर असतो आणि माझ्या मते मार्मालेडला हाच चांगला. संक्रांतीनंतर, फेब्रुवारी-मार्चपर्यंत येतो तो मृग बहार, तो गोड, खायला अप्रतिम, पण आंबटपणा कमी, म्हणून त्याला लिंबू जास्त लागतं. संत्री निवडताना थोडी हिरवट झाक असलेली, घट्ट, हाताला जड लागणारी घ्या. जी आठवडाभर घरात पडून पोचट झाली, साल फुगून आतून सुटली, ती खाऊन टाका नाहीतर रस काढा, मार्मालेडला घेऊ नका, कारण फळ जसं जास्त पिकतं, शिळं होतं तसं त्यातलं पेक्टिन कामाचं राहत नाही. स्वस्तात मिळतात म्हणून संध्याकाळी उशिरा उरलेला ढीग उचलायचा मोह होतो, मलाही होतो, पण या कामाला तो नको.

पेक्टिनची पावडर बेकिंगचं सामान मिळतं तिथे मिळते आणि घाईत ती वापरायला काही हरकत नाही, फक्त ती थेट उकळत्या रसात टाकू नका, गुठळ्या होतात आणि मग त्या मोडत नाहीत. आधी पाच-सहापट साखरेत कोरडी मिसळा आणि मग भुरभुरत ढवळा. पण मला स्वतःला पावडरीपेक्षा पेरूचं पाणी आवडतं. पेरूत पेक्टिन भरपूर असतं आणि तो अगदी आंबिया संत्र्याच्याच दिवसांत बाजारात येतो, दोघं शेजारी-शेजारी गाडीवर असतात, तरी मला हे सुचायला तीन वर्षं लागली. पाव किलो पेरू घ्या, पिवळे मऊ नाही, कडक, अर्धवट पिकलेले. त्यांच्या फोडी करून बियांसकट अर्धा लिटर पाण्यात एका लिंबाचा रस घालून मंद गॅसवर अर्धा-पाऊण तास शिजवा आणि मग मलमलच्या कपड्यातून गाळायला टांगून ठेवा. पिळायचं नाही, पिळलं की मार्मालेड गढूळ होतं. साधारण पाव लिटर बुळबुळीत पाणी मिळतं, बोटांत धरलं तर जरा चिकट लागतं, ते आपलं पेक्टिन. पेरूचा वास येतो का असं सगळे विचारतात, तर एक किलो संत्र्याला एवढ्या प्रमाणात नाही येत, संत्र्याच्या सालीचा वास त्याच्यावर मात करतो. मृग बहाराच्या वेळी चांगले पेरू नाही मिळाले तर महाशिवरात्रीच्या आसपास कवठ येतं, त्यातही पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही आहे, पण कवठाचा वास मात्र लपत नाही, ज्यांना आवडतो त्यांनीच करावं. आमच्या घरी आवडतो.

साखर घालण्याआधी पेक्टिन पुरेसं आहे की नाही हे तपासता येतं आणि हे मला फार आधी कळायला हवं होतं. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिटची लहान बाटली आणा. शिजलेल्या रसातला एक चमचा काचेच्या छोट्या ग्लासात पूर्ण थंड करा, त्यात तीन चमचे स्पिरिट घाला, हळूच फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. एकच जेलीसारखा गोळा झाला तर पेक्टिन भरपूर. दोन-तीन मऊ गोळे झाले तर मध्यम, चालतं. नुसते बारीक धागे-कण तरंगले तर कमी आहे, अजून पेरूचं पाणी घाला किंवा रस थोडा आटवा आणि परत पाहा. हा ग्लास चाखायचा नाही, लगेच ओतून द्यायचा, आणि हे सगळं गॅसपासून लांब करायचं कारण स्पिरिट भडकतं. लेकरं आसपास असतील तर अजिबात घाई नको.

आता क्रम, कारण निम्मा घोळ क्रमातच होतो. साल आधी पूर्ण शिजली पाहिजे, साखर नंतर. साखर पडली की साल तिथेच थांबते, मग कितीही उकळा, ती चामट राहते आणि तिच्यातून पेक्टिनही नीट सुटत नाही. मी सालीचे बारीक काप करते, भरपूर पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पहिलं पाणी फेकते, मग नव्या पाण्यात झाकण ठेवून चांगले अर्धा-पाऊण तास शिजवते. एक काप अंगठा आणि बोटात दाबला तर सहज चेंदला गेला पाहिजे, जरासुद्धा करकरीत लागला तर अजून दहा मिनिटं. बाजारातली फार चकचकीत संत्री मेण लावलेली असू शकतात, ती आधी कोमट पाण्यात ब्रशनं घासून घ्या, साल खायची आहे शेवटी.

भांडं रुंद आणि स्टीलचं. आमच्याकडे जुना पितळी गंज, म्हणजे उभं पातेलं, आहे, मला त्यातच करायची हौस होती, पण त्याची कल्हई गेलेली होती आणि आंबट पदार्थ अशा गंजात शिजवणं बरोबर नाही, अ‍ॅल्युमिनियमही नको. उभ्या पातेल्यात पाणी उडायला वेळ लागतो, तेवढा वेळ पेक्टिन शिजत राहतं, म्हणून पसरट कढई किंवा परातीसारखं पातेलं घ्यायचं आणि एका वेळी एकाच किलोचं करायचं. दोन किलो एकदम करून वेळ वाचत नाही, उलट जातो. साखर आधी मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, मग गॅस मोठा, रटरट उकळी, पंधरा ते वीस मिनिटांत काम झालं पाहिजे. पाऊण तास लागत असेल तर समजा की पाणी जास्त आहे किंवा भांडं चुकलंय.

माझं प्रमाण असं आहे: एक किलो संत्री, म्हणजे मध्यम आकाराची सात-आठ. त्यांची अर्धीच साल घ्यायची, साधारण सव्वाशे ग्रॅम, रस निघतो चारशे-साडेचारशे ग्रॅम, पेरूचं पाणी पाव लिटर, आंबिया असेल तर चार कागदी लिंबांचा रस आणि मृग असेल तर सहा लिंबांचा, साखर पाऊण किलो. लिंबं नसतील तर लिंबूसत चालतं, सपाट एक छोटा चमचा, पाण्यात विरघळवून. साखर यापेक्षा कमी करू नका. मला माहितेय की घरोघरी शुगर आहे आणि प्रत्येकाला वाटतं अर्धी घालू, पण या पेक्टिनला जाळं बसवायला तयार मार्मालेडमधे साठ टक्क्यांच्या वर साखर लागते आणि टिकायलाही तीच लागते. ज्यांना चालत नाही त्यांनी अर्धा चमचाच खावं, ते चालेल, पण अर्ध्या साखरेचं मार्मालेड ना बसतं ना टिकतं.

थांबायचं कधी, हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि यावर माझी सगळ्यात जास्त भिस्त वजनकाट्यावर आहे. तार पाहू नका, ती साखरेची खूण आहे, पेक्टिनची नाही. थर्मामीटर असेल तर पुस्तकात १०४-१०५ अंश लिहिलेलं असतं, पण ते समुद्रकाठचं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे पाणीच ९९ अंशांच्या जवळपास उकळतं, त्यामुळे आपल्याला अंदाजे अंशभर आधी थांबायचं असतं. शिवाय घरगुती थर्मामीटर एक-दोन अंश इकडेतिकडे दाखवतात, म्हणून आधी साध्या उकळत्या पाण्यात बुडवून तुमचा काय दाखवतो ते पाहा आणि त्यात साडेचार-पाच मिळवा. वजनाचं मात्र असं काही नाही. रिकामं पातेलं, त्यात ढवळायचा चमचासुद्धा ठेवून, आधी वजन करून भिंतीवर चिठ्ठी लावा. फळप्रक्रियेच्या पुस्तकांत नियम आहे की जॅम साखरेच्या दीडपट वजनाला आला की झाला. संत्र्याची स्वतःचीही साखर असते, म्हणून मी जरा आधीच थांबते. पाऊण किलो साखरेला दीडपट म्हणजे ११२५ ग्रॅम, मी १२०० च्या आसपास गॅस बंद करते आणि १२५० च्या वर कधीच सोडत नाही. स्वयंपाकघरातला काटा पाच किलोचा असला की झालं, खाली जाड लाकडी पाट ठेवा म्हणजे गरम पातेल्यानं काटा खराब होणार नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला वाटलं होतं की फार लवकर थांबतेय, पातळ दिसत होतं, तरी काट्यावर विश्वास ठेवला आणि तिसऱ्या दिवशी बाटली तिरपी केली तर मार्मालेड जागचं हललं नाही.

सोबत थाळीची परीक्षा करा. स्टीलची ताटली आधीच फ्रीजरमधे ठेवा, तिच्यावर अर्धा चमचा टाका, गॅस तेवढा वेळ बंद करा (हे महत्त्वाचं, नाहीतर आपण ताटलीकडे पाहत असतो आणि इकडे ते पुढे जातं), मिनिटभरानं बोटानं सरकवा. वरच्या सायीला सुरकुती पडली तर झालं. नाही पडली आणि वजन मात्र १२०० ला आलंय, तर अजून आटवू नका, त्यात पेक्टिन किंवा आंबटपणा कमी आहे, दोन लिंबं पिळा आणि फक्त दोन मिनिटं उकळून परत पाहा. बहुतेक वेळा लिंबानंच काम होतं. आणि एक, गरम असताना सगळंच पातळ दिसतं. बाटलीत भरल्यावर दोन दिवस तरी हलवायचं नाही, कधीकधी आठवडाही लागतो. दर तासाला बाटली उलटीपालटी करून पाहिलं की बसत आलेलं जाळं आपणच मोडतो.

साल वर तरंगते आणि खाली नुसती जेली राहते, ही तक्रार असेल तर गॅस बंद केल्यावर लगेच भरू नका, दहा मिनिटं थांबा, जरा दाटलं की एकदा ढवळून मग भरा. एवढंच आहे त्यात.

आता कडवटपणा. याच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं कारण हा प्रकार फसवतो, करताना चाखलं तर गोड आणि सकाळी कडू. आपल्याकडे घरोघरी माहिती आहे की संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांनी कडू लागतो, म्हणून ज्यूसवाला समोर काढून देतो. तेच इथे घडतं. संत्र्याच्या बिया, फोडींवरचा पापुद्रा आणि सालीच्या आतला पांढरा भाग, यांत एक घटक असतो जो मुळात कडू नसतो, पण पेशी फुटून तो आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं, ते कडू. उष्णतेनं हे अजून लवकर होतं. म्हणजे आपण चाखतो तेव्हा ते बनलेलं नसतं, रात्रभरात बनतं. आता विचार करा, बहुतेक रेसिपीत काय सांगतात, अख्खं फळ चिरा, रसासकट रात्रभर भिजवा, बियांची पुरचुंडी त्यातच टाका. सेव्हिलच्या मार्मालेडमधे कडवटपणा हवाच असतो, त्याची ती ओळख आहे. आपल्याला नको असेल तर आपण जे करतो त्यातलं बरंच उलटं करायला हवं.

मी काय बदललं ते सांगते. रस मिक्सरमधे काढणं बंद, कारण बिया आणि पापुद्रे चिरडले की कडूपणा आलाच. संत्रं आडवं अर्धं कापून हलक्या हातानं काचेच्या पिळणीवर पिळते, शेवटचा थेंब काढायला रगडत नाही, आणि लगेच गाळते. साल भिजवायची असेल तर साध्या पाण्यात, रसात नाही, आणि ते पाणी फेकायचं. सालीचा आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून काढते. इथे एक पेच आहे आणि तो समजून घ्या, पेक्टिन त्याच पांढऱ्या भागात आणि बियांत असतं, म्हणजे कडूपणा काढायला गेलो की घट्टपणाही जातो. यामुळेच लोक एका वर्षी पातळ आणि एका वर्षी कडू अशा चक्रात फिरत राहतात, मीही त्यातच होते. पेरूच्या पाण्याचा खरा फायदा हा आहे की पेक्टिन दुसऱ्या फळातून आलं, मग संत्र्याच्या बियांवर अवलंबून राहायची गरजच नाही. मी संत्र्याच्या बिया आता टाकूनच देते. आणि रस सगळ्यात शेवटी घालते, साल शिजली, पेरूचं पाणी मिसळलं, की मग ताजा पिळलेला रस, लगेच साखर, आणि वीस मिनिटांत खेळ खलास. सकाळी रस काढून दुपारी मार्मालेड करायला घेतलं असं करू नका, रस काढला की त्याच तासात करा.

ज्यांची बॅच आधीच कडू झालीय त्यांना वाईट वाटेल पण ते परत गोड करता येत नाही, साखर वाढवून तर अजिबातच नाही. थोडीच कडसर असेल तर केकमधे घालून पाहा. रव्याच्या केकमधे किंवा साध्या मैद्याच्या केकमधे दही घालून केलेल्या पिठात तीन-चार चमचे मार्मालेड घातलं की तो कडवटपणा चक्क छान लागतो, सालीच्या फोडी मात्र आधी कोरड्या मैद्यात घोळवा नाहीतर तळाशी बसतात.

पातळ राहिलेली बॅच मात्र वाचते. आधी पाच-सात दिवस थांबा. तरी पातळच असेल तर वजन करा, तुम्ही किती साखर घातली होती ते आठवा आणि दीडपटीच्या हिशोबात कुठे आहे ते पाहा. वजन जास्त असेल तर पाणी राहिलंय, रुंद कढईत पाच-सात मिनिटं मोठ्या गॅसवर उकळा. वजन बरोबर आहे तरी पातळ, तर वाटीभर पेरूचं पाणी आणि दोन लिंबं घालून परत त्याच वजनाला आणा. एका वेळी अर्धा किलोच घ्या. दोनदा उकळून जमलं नाही तर तिसऱ्यांदा नका करू, सालीचा ताजा वास सगळा जातो, त्यापेक्षा गाळून बाटलीत भरा आणि सिरप म्हणून वापरा, गरम केकवर ब्रशनं लावलं तर केक चार दिवस मऊ राहतो, लेकरांना थंड पाण्यात सरबत करून देता येतं. आणि फार घट्ट झालंय, टॉफीसारखं, तर थोडं गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा, जेली नाही होणार पण लावता येईल.

बुरशीचं कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक, साखर कमी किंवा बाटलीत ओल. माझ्या त्या तीन बाटल्या मी धुऊन नुसत्या फडक्यानं पुसल्या होत्या, चौथी ओव्हनमधे वाळवली होती आणि तीच टिकली, याहून स्पष्ट पुरावा मला नको होता. आता बाटल्या धुऊन ओव्हनमधे ११०-१२० अंशांवर वीस मिनिटं ठेवते, झाकणं दहा मिनिटं उकळत्या पाण्यात आणि मग पूर्ण कोरडी. गरम बाटलीत गरम मार्मालेड, काठोकाठ, झाकण लगेच. कोमट भरून उघडं ठेवलं तर झाकणाखाली वाफेचं पाणी साचतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. लोणच्याच्या बाटलीचं झाकण वापरू नका, त्याच्या रबराला वास धरतो तो जातच नाही. बुरशी आली असेल तर वरचं काढून खालचं खाऊ नका, आपल्या डोळ्यांना दिसतं त्याच्या खालीही ती गेलेली असते, बाटली फेकून द्या. जीव तुटतो, कळतं मला, पण द्या.

खडीसाखरेसारखे कण पडत असतील तर आंबटपणा कमी पडलाय किंवा फार आटलंय. पाणी सुटत असेल, म्हणजे जेली बसलीय पण वर पातळ पाणी साचतंय, तर एकतर लिंबू जास्त झालंय किंवा बाटली गरम जागी ठेवलीय. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४५ च्या वर जातो, स्वयंपाकघरातलं वरचं कपाट म्हणजे भट्टीच, तिथे चांगली जेलीही पाणी सोडते. होळी झाली की सगळ्या बाटल्या फ्रीजमधे, आणि पावसाळा संपेपर्यंत तिथेच. उघडलेल्या बाटलीत ओला चमचा कुणी घालू नये म्हणून मी मोठ्या बाटल्या भरतच नाही, दोनशे ग्रॅमच्या छोट्या भरते, एक उघडली की दहा-बारा दिवसांत संपते.

मला विचारायला फोन करणार असाल तर तीन आकडे आधी लिहून ठेवा, साखर किती घातली, गॅस बंद केला तेव्हा पातेलं सोडून वजन किती होतं आणि लिंबं किती. चौथी गोष्ट, बहार कुठला. एवढं कळलं की काय चुकलं ते बरंचसं सांगता येतं, नुसतं "पातळ झालं" वरून नाही सांगता येत. मी बाटलीवर तेच लिहिते, तारखेच्या शेजारी. काल रात्री केलेल्या सहा बाटल्यांवर "आंबिया, ७५०, ११९०, लिंबं ४" असं लिहून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवल्यात, त्यांना परवापर्यंत कुणी हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय.